मोठ्या मॉनिटरसाठी संकेतस्थळाची मांडणी

ब्राउझरची खिडकी सुमारे १,९०० पिक्सेलांहून रुंद असतानाही संकेतस्थळ सहज वाचता व वापरता यावे, यासाठी केलेली रचना. वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचाच (खिडकीच्या रुंदीनुसार मांडणी बदलण्याच्या पद्धतीचाच) हा भाग. पण सगळा भर मोबाइलवर गेल्याने तो उपेक्षित राहिला.

मॉनिटरचे पिक्सेल पाहून अंदाज बांधू नये. ३८४० × २१६० चा फोर-के पडदा १५० टक्के स्केलिंगवर (सगळे मोठे करून दाखवण्याच्या सेटिंगवर) सीएसएसला, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेला, २५६० पिक्सेल रुंद दिसतो, २०० टक्क्यांवर १९२०. शिवाय मोठ्या पडद्यावर अनेकजण दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावतात. मांडणी खिडकीच्या रुंदीवर बेतावी.

मजकूर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरू देणे ही सर्वांत त्रासदायक चूक. लांब ओळ संपवून परतताना डोळा पुढची ओळ चुकतो. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील एएए या सर्वांत कडक पातळीचा निकष ओळीत कमाल ८० अक्षरांचा आहे. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये पानांचे नवे रूप आणताना मजकुराची रुंदी याच विचाराने मर्यादित केली. त्यासाठी ‘मॅक्स-विड्थ’ला (कमाल रुंदीला) ६५ सीएच देण्याची पद्धत आहे, मराठीत मात्र ती फसते. सीएच म्हणजे शून्याच्या आकड्याची रुंदी, आणि ती फॉन्टच्या यादीतल्या पहिल्या उपलब्ध फॉन्टवरून घेतली जाते. तो रोमन निघाला, तर देवनागरी मजकुराशी त्या मापाचा संबंध उरत नाही. खरा मराठी परिच्छेद टाकून, ओळीत दहा-बारा शब्द बसतील अशी रुंदी रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत) ठरवावी. वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींची उंची १.६ ते १.८ ठेवावी.

उरलेली जागा मोकळी राहिली तरी बिघडत नाही. तक्ते, नकाशे, छायाचित्रांची दालने यांनी ती जरूर घ्यावी. कार्डांसाठी (चित्र-मजकुराच्या छोट्या चौकटींसाठी) ग्रिडमध्ये, म्हणजे सीएसएसच्या ओळी-स्तंभांच्या मांडणीत, किमान १८ रेमचे स्तंभ रिकाम्या स्तंभांची जागाही राखणाऱ्या ‘ऑटो-फिल’ने मांडावेत. रिकामे स्तंभ मिटवणारे ‘ऑटो-फिट’ वापरले आणि कार्डे तीनच असली, तर ३४४० पिक्सेलांच्या खिडकीत प्रत्येक कार्ड हजाराहून अधिक पिक्सेल ताणले जाते.

छायाचित्रांचा घोळ वेगळा. ४:३ चे चित्र ३४४० × १४४० च्या चौकटीत ‘कव्हर’ने (चौकट पूर्ण झाकेल इतके मोठे करून) भरले की त्याची उंची २५८० होते आणि सुमारे ४४ टक्के भाग कापला जातो, बहुधा माणसांची डोकीच जातात. ‘ऑब्जेक्ट-पोझिशन’ने दिसणाऱ्या भागाचे केंद्र वर सरकवावे, नाहीतर चौकटीची रुंदीच आवरावी. मजकुराचा स्तंभ आवरला, पण चित्राच्या ‘साइझेस’मध्ये (चित्र किती रुंद दिसेल हे ब्राउझरला सांगणाऱ्या नोंदीत) १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, तसेच राहिले, तर ब्राउझर गरजेपेक्षा कितीतरी मोठी फाइल उतरवतो.

अक्षराचा आकार नुसत्या व्हीडब्ल्यूत देऊ नये. झूम करूनही अक्षर वाढत नाही आणि अधू दृष्टीचा वाचक अडतो. ‘क्लॅम्प’ या किमान-कमाल मर्यादा घालणाऱ्या सीएसएस फंक्शनमध्ये रेम आणि व्हीडब्ल्यूची बेरीज घेऊन वरची मर्यादा घालावी.

चाचणीसाठी मोठा मॉनिटर हवाच असे नाही: १९२० पिक्सेलांच्या खिडकीत झूम ५० टक्के केला की मांडणी ३८४० पिक्सेलांची होते.