परवलीचा शब्द आणि मुद्दाम लावलेला उशीर

जुलैत फोर्टातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात डोकावा. एका मेलमध्ये पीडीएफ, लगोलग दुसऱ्यात पासवर्ड. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड तर सगळ्यांना पाठ: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. नाव ठाऊक असेल, तर फार तर शंभरेक सालं लावून बघायची. कुलूप भक्कम, पण किल्ली पायपुसण्याखाली.

हे दुखणं जुनं आहे. १९७९च्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत फाइल कुलूपबंद करायला 'क्रिप्ट' ही कमांड होती. दुसऱ्या महायुद्धातल्या एनिग्मा या फिरत्या चक्रांच्या जर्मन गुप्तलेखन-यंत्राच्या धर्तीवरची, पण एकच चक्र, २५६ घरांचं. तिच्या मॅन्युअलचं पान आजही वाचण्यासारखं आहे. परवलीच्या शब्दापासून चक्राची मांडणी करायला सेकंदाचा बराचसा हिस्सा जावा, अशी सोय त्यात मुद्दाम केली होती. उद्देश हा, की अंदाज लावणाऱ्यानं दर वेळी तेवढं थांबावं. तरी तीनच छोटी अक्षरं ठेवलीत तर पाच मिनिटांच्या आत फाइल उघडेल, हेही लिहून ठेवलं होतं. शिवाय कमांडच्याच ओळीत शब्द टाइप केला, तर 'पीएस' (चालू कामांची यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या, त्याच संगणकावरच्या शेजाऱ्याला तो दिसू शकतो. इतकं प्रामाणिक मॅन्युअल विरळाच. १९८४ मध्ये रीड्स आणि वाइनबर्गर यांनी ते चक्र कसं फोडायचं हे छापून दाखवलं आणि क्रिप्टचा भरवसा संपला.

पुढे १९९१ मध्ये फिल झिमरमन यांचं पीजीपी हे फाइली-मेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर आलं, १९९९ मध्ये त्याच धर्तीवरचं मुक्त जीपीजी १.०. आता जीपीजीला 'डॅश सी' (-c, म्हणजे परवलीनं कुलूप लाव) हा पर्याय दिला की ते परवलीचं अख्खं वाक्य मागतं आणि त्याची किल्ली करायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागेल इतक्या वेळा ते घुसळतं. म्हणजे मुद्दाम उशीर लावायची १९७९ची युक्तीच, फक्त चक्राऐवजी हॅश, म्हणजे उलटं फिरवता न येणारं गणित.

गंमत म्हणजे ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरची फाइल कुलूपबंद करणारी 'एन्क' कमांड हा धडा विसरली होती. सॉल्ट (शब्दात मिसळायचा यादृच्छिक आकडा) घालायची, पण घुसळण एकदाच. २०१८च्या १.१.१ मध्ये पीबीकेडीएफ२चा, म्हणजे शब्द पुन्हा पुन्हा घुसळून किल्ली करण्याच्या पद्धतीचा, पर्याय आला, तोही मागितला तरच. मूळ आकडा १०,००० फेऱ्यांचा. न मागितल्यास फाइल जुन्याच पद्धतीनं बनते, सोबत एक इशारा येतो. दादरमधल्या एका ऑफिसात रात्रीचा बॅकअप अजून तसाच होतो. इशारा रोज लॉगमध्ये पडतो आणि लॉग दर रविवारी आपोआप पुसला जातो.