गर्भाशयातल्या गाठी काढल्यानंतरचं बाळंतपण: घरी नेऊन वाचायचं माहितीपत्रक

पोटावर तीन-चार बारीक छिद्रांच्या खुणा दिसल्या की ऑपरेशन किरकोळ होतं, असं घरात सगळे धरून चालतात. बाळंतपण कसं व्हावं हे मात्र पोटावरच्या खुणांवरून ठरत नाही, ते गर्भाशयावरच्या टाक्यावरून ठरतं. भिंतीत खोल रुतलेली आठ सेंटिमीटरची गाठ दुर्बिणीतून काढली तरी आतली जखम पोट उघडून केलेल्या ऑपरेशनएवढीच असते. उलट, बाहेरून देठावर लोंबणारी मोठी गाठ पोट उघडून काढली असेल, तर गर्भाशयाला जेमतेम ओरखडा गेलेला असतो.

हा टाका सिझरच्या टाक्यापेक्षा वेगळा का, हेही समजून घ्या. सिझरचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात असतो, आणि कळांमध्ये तो भाग स्वतः फारसा आवळत नाही. गाठीचा छेद बहुधा वरच्या जाड भागात असतो, जो प्रत्येक कळेला जोर लावतो. एरवी दीड-दोन सेंटिमीटर जाडीची ही भिंत शेवटच्या महिन्यांत ताणून काही मिलिमीटरवर येते. टाका उसवण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे, त्यामुळे घाबरून दिवस राहू न देण्याचं कारण नाही. पण उसवला तर काही मिनिटांत आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. आणि कळा सुरू होण्याआधी, सातव्या-आठव्या महिन्यातही तो उसवू शकतो. म्हणून तयारी आधीच लागते.

आधी कागद

पहिल्या भेटीला येताना डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्यावर बहुतेक वेळा 'मायोमेक्टॉमी डन', म्हणजे गाठ काढली, एवढी एकच ओळ असते. आम्हाला हवी असते ऑपरेशन नोट. किती गाठी, किती सेंटिमीटरच्या, पुढच्या भिंतीत की मागच्या, टाके किती थरांत घातले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'कॅव्हिटी' उघडली होती का, हे तिच्यात लिहिलेलं असतं. कॅव्हिटी उघडली म्हणजे छेद भिंतीच्या आरपार, बाळ जिथे वाढतं त्या पोकळीपर्यंत गेला. रक्तस्राव थांबवायला भिंत खूप जाळली असेल आणि वर टाका एकाच थरात घातला असेल, तर तो टाका कच्चा भरतो. गाठीचा तपासणी अहवालही सोबत आणा.

ऑपरेशन दुसऱ्या दवाखान्यात झालं असेल तर लेखी अर्ज करा. नियमानुसार ७२ तासांत नोंदी मिळायला हव्यात. पण डॉक्टरांवर त्या जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे, तेव्हा दिवस राहीपर्यंत थांबू नका. नोट मिळालीच नाही, तर टाका आरपारचा आहे असं धरूनच आम्ही पुढचं ठरवतो.

किती थांबायचं

पोकळीतली गाठ खालच्या वाटेने, दुर्बिणीतून काढली असेल तर साधारण एक ते तीन महिने. भिंतीतली गाठ काढली असेल तर तीन ते सहा महिने. छेद खोल किंवा अनेक असतील तर आम्ही पूर्ण सहा सांगतो. तोवर निरोध किंवा गर्भनिरोधक गोळ्या वापरा. चुकून दिवस राहिले तर औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका. त्या गोळ्यांनी गर्भाशय जोरात आवळतं आणि टाक्यावर नेमका तोच ताण येतो. उलट, वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षानुवर्षं थांबण्यातही शहाणपण नाही, कारण गाठी पुन्हा होतात. आयव्हीएफ करणार असाल तर एकच गर्भ सोडण्याचा आग्रह धरा. जुळ्यांचा ताण या भिंतीला परवडत नाही.

थांबण्याचे हे महिने रक्त भरून काढायला वापरा. गाठींमुळे वर्षभर अंगावरून जास्त गेलेलं असतं. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्यावर दिवस राहिले तर उत्तम. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर अंगी लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा आणि वर लिंबूपाणी किंवा संत्रं घ्या. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करा.

विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. हिमोग्लोबिन कमी दिसलं की दोष गाठींवर जातो आणि सिकलसेल तपासायचं राहून जातं. एकदा नवरा-बायको दोघांचीही तपासणी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला सिकलसेल आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

दिवस राहिल्यावर

पाळी चुकली की, शेवटच्या पाळीपासून मोजून सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी करा. ऑपरेशननंतर आतडी आणि नळ्या चिकटलेल्या असू शकतात, म्हणून गर्भ योग्य जागी आहे ना, हे लवकर पाहायचं असतं. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे आणि जुन्या टाक्यावर बसली आहे का, हे मुद्दाम पाहायला सांगा. टाका आरपारचा असेल तर वार भिंतीत रुतण्याची भीती असते, आणि तसं असेल तर बाळंतपणात रक्तस्राव आवरत नाही. २८ ते ३२ आठवड्यांत पुन्हा पाहतो. टाक्याची जाडी मोजून तो पक्का असल्याची खात्री सोनोग्राफीत देता येत नाही, त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून पुढच्या काळज्या सोडू नका. माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच पानावर 'गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन' असं ठळक लिहून घ्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. डोहाळेजेवण झालं की सातव्या महिन्यात मुलगी गोंदियाकडे, गडचिरोलीकडे, यवतमाळच्या एखाद्या गावी जाते. खोल छेद झालेल्या बाईसाठी नेमके तेच आठवडे जपायचे असतात. आमचं स्पष्ट मत आहे: २८ आठवड्यांनंतर अर्ध्या तासात ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी गाठता येईल अशाच ठिकाणी राहा. आईलाच इकडे बोलवा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना लांबचा प्रवास तर नकोच. अंगातलं पाणी कमी झालं की पोट आवळायला लागतं.

पोट दुखलं तर

कळ येते आणि जाते, मध्ये पोट सैल पडतं. टाका उसवण्याचं दुखणं बहुधा एका जागी सुरू होतं आणि थांबत नाही. सोबत चक्कर, घाम, खांद्यात दुखणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं असेल तर क्षणभरही वाट पाहू नका. खालून रक्त दिसलं नाही तरी आत रक्तस्राव होत असू शकतो. पोटदुखीची गोळी घेऊन पडून राहू नका, काही खाऊ-पिऊ नका, १०८ ला फोन करा आणि गाडीत बसतानाच 'गर्भाशयावर जुना टाका आहे' हे सांगा.

नॉर्मल की सिझर

देठावरची किंवा पोकळीत लोंबणारी गाठ काढली असेल तर नॉर्मल बाळंतपण सहसा होऊ शकतं, पण बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून, आणि थिएटर तयार ठेवून. छेद खोल, आरपार किंवा अनेक असतील तर कळांची वाट न पाहता ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी सिझर करतो. फारच मोठं ऑपरेशन झालं असेल तर ३६ ते ३७ आठवड्यांत. अशा वेळी मुहूर्त काढून तारीख पुढे ढकलू नका. जुन्या चिकटलेल्या भागांमुळे हे सिझर नेहमीपेक्षा वेळ घेतं, म्हणून दोन पिशव्या रक्ताची सोय आधी करून ठेवतो. 'सिझर करताय तर उरलेली गाठही काढून टाका' अशी मागणी नातेवाईक करतात. बाळंतपणात गर्भाशयाला रक्तपुरवठा सगळ्यात जास्त असतो. वाटेत येणारी किंवा देठाची गाठ सोडली तर आम्ही ती तेव्हा काढत नाही.

घरी सोडताना जुना टाका आतून कसा दिसला, पातळ होता की पक्का, हे सिझरच्या नोटमध्ये लिहिलंय ना, ते वाचून घ्या. नसेल तर तिथेच लिहून मागा. दुसऱ्या वेळी दिवस राहतील तेव्हा नव्या डॉक्टरला सगळ्यात आधी हाच कागद लागेल.