लडाइट यंत्रांचे शत्रू नव्हते

नवं तंत्रज्ञान नको म्हणणाऱ्याला आजही ‘लडाइट’ म्हणून हिणवतात; जणू १८११ साली इंग्लंडमध्ये माग फोडणारे ते मूळचे लडाइट विणकर यंत्राला घाबरले होते. हे खरं नाही. मोजे विणण्याचा माग तेव्हा दोनशे वर्षांहून जुना होता आणि त्यावरच तर त्यांचं पोट चालायचं! राग होता मालकांवर. उमेदवारी करून काम न शिकलेली माणसं कमी मजुरीत लावायची, कापून शिवलेला हलका माल खपवायचा, हे त्यांचे धंदे. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात फुटले ते मुख्यतः अशांचे माग. संघटनेला कायद्यानेच बंदी, मग दाद मागायची कुठे? १८१२ मध्ये संसदेने माग फोडणाऱ्याला मृत्युदंड ठरवला. विणकरांच्या संरक्षणासाठीचं विधेयक मात्र त्याच वर्षी लॉर्ड्स सभागृहाने फेटाळलं.