पंप, दमा आणि खोकला: आमच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

दम्याचा पंप हातात दिला की आमची निम्मी गिऱ्हाइकं तो पटकन पिशवीच्या तळाशी घालतात. काही जण कागदात गुंडाळून मागतात. लग्नाची मुलगी असेल तर आईच येते आणि हळू आवाजात बोलते. चष्म्याचा नंबर कुणी असा लपवत नाही, मग पंपच का, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्रक प्रत्येक पंपाबरोबर देतो. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. ते औषध तुमच्या छातीत नीट पोहोचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

"पंपाची सवय लागते ना?"

नाही लागत. दमा मुळातच वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे. पंप बंद केला की त्रास परत येतो, तो आजारामुळे. बीपीची गोळी थांबवली की बीपी वाढतं, तसंच हे.

पंप म्हणजे 'शेवटचं, जालीम औषध' हाही गैरसमज आहे. साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. त्याच औषधाच्या पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा (हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम). म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांइतकं औषध! गोळी पोटातून रक्तात जाते, सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि त्यातलं थोडंसंच श्वासनलिकेपर्यंत पोहोचतं. पंपाचं औषध थेट दुखण्याच्या जागी जातं, म्हणून इतकं थोडं पुरतं.

"निळ्या पंपाने लगेच मोकळं वाटतं. मग रोजचा दुसरा कशाला?"

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, चिकट कफ साचतो आणि भोवतीचे स्नायू आवळले जातात. निळा पंप, म्हणजे वर सांगितलेला साल्ब्युटामॉलचा, फक्त स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत घरघर थांबते, चार-सहा तास बरे जातात, पण आतली सूज जशीच्या तशी. ती उतरवतं ते रोजच्या पंपातलं स्टिरॉइड. हे नाव ऐकून घाबरू नका, इथेही मात्रा मायक्रोग्रॅममध्येच असते. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगतात. कारण त्यावरच भागवणाऱ्यांना मोठा अटॅक येण्याचा धोका जास्त असतो. निळा पंप वरचेवर लागायला लागला, तर डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका.

कंपनीगणिक पंपाचे रंग बदलतात, तेव्हा रंगावर न जाता नाव वाचा. वाचता येत नसेल तर आम्ही पंपावर मराठीत 'रोजचा' आणि 'दम लागल्यावर' अशा चिठ्ठ्या चिकटवून देतो.

"ओढतो तर रोज, पण गुण येत नाही."

मागे एक सूनबाई सासूबाईंचं औषध न्यायला आल्या. "तीन महिने झाले, काडीचा फरक नाही," म्हणाल्या. आम्ही विचारलं, आजी मशीन कशी वापरतात? "कसलं मशीन? कॅप्सूल पाण्याबरोबर घेतात की." पावडरची, मशीनमध्ये घालून ओढायची कॅप्सूल आजी तीन महिने गिळत होत्या. कॅप्सूल गिळायची असते हेच त्या जन्मभर शिकलेल्या. चूक आमची, कारण देताना आम्ही करून दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून रिकामी मशीन काउंटरवरच ठेवली आहे. करून दाखवल्याशिवाय पहिलं पाकीट देत नाही.

फवाऱ्याचा पंप असा घ्या. टोपण काढा, पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी हवेत एक-दोन फवारे सोडा. ताठ बसा आणि श्वास पूर्ण बाहेर सोडा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. पंपाचं तोंड तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी पंप दाबा. फुलाचा वास घ्यावा तसा सावकाश, खोल श्वास. मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. तोंडातून किंवा नाकातून पांढरं धुकं बाहेर आलेलं दिसलं, तर ते औषध वाया गेलं.

पावडरच्या मशीनचं उलटं असतं. तिथे श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा, नाहीतर पावडर उडतच नाही. एका घरात दोन्ही प्रकार असतील तर हा घोळ हमखास होतो.

दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नसेल, तर स्पेसर घ्या. त्या नळकांड्यात फवारा थांबतो आणि तुम्हाला सवडीने ओढता येतो. लहान मुलं आणि वयस्कर माणसांसाठी तर तो हवाच. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा, पण फडक्याने पुसू नका, तसाच वाळवा. पुसला की आत औषध चिकटून बसतं. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकून टाका, म्हणजे तोंड येत नाही.

पंप संपला का, हे पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपल्यावरही गॅस सुटत राहतो आणि फवारा आल्यासारखा वाटतो. २०० फवाऱ्यांचा पंप रोज ४ घेतल्यास ५० दिवस जातो. सुरू केल्याची तारीख त्यावर पेनाने लिहा.

"फुप्फुसं आत असतात तरी कशी?"

उजव्याला तीन खंड, डाव्याला दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यायची असते. नळ्यांना फाटे फुटत फुटत शेवटी कोट्यवधी बारीक वायुकोश. ते सगळे उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर भरतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट. उजवी नळी जास्त सरळ आणि रुंद असते, म्हणून लहान मुलांच्या श्वासात गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडेच अडकतो. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, ही कळकळीची विनंती.

"मी आयुष्यात विडी ओढली नाही, तरी दम का?"

हा प्रश्न बहुतेक वेळा गावाकडच्या मावशी विचारतात. उत्तर बऱ्याचदा चुलीत असतं. बंद खोलीत लाकूड आणि गोवऱ्यांचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला, की विडीसारखंच नुकसान होतं. या आजाराला सीओपीडी म्हणतात. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. दुखत नाही, सुई नाही. सिलिंडर घरी असूनही पाणी तापवायला चूल पेटत असेल, तर निदान ती उघड्यावर न्या. विडी-सिगारेट सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

"खोकल्याची अजून एक बाटली द्या."

दोन आठवडे उलटले असतील, तर आम्ही बाटली देणार नाही, राग मानू नका. एवढा लांबलेला खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल तर थुंकीची तपासणी हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, टीबी निघाला तर औषधंही मोफत. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नका. काही अँटिबायोटिक टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात, चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. टीबीची औषधं देताना डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवण्याचा नियम १ मार्च २०१४ पासून आहे. आम्ही नाव विचारतो ते त्यासाठी. ती वही दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवली जात नाही.

लगेच १०८ लावा

एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, किंवा निळा पंप घेऊनही उतार नाही. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं करू नका. पुढे झुकवून बसवा आणि स्पेसरमधून निळ्या पंपाचा एकेक फवारा, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडून, देत राहा, दहापर्यंत.

पुढच्या वेळी औषध न्यायला याल, तेव्हा तुमचा पंप खिशात घालून आणा. दुपारी काउंटरला गर्दी नसते. आमच्यासमोर एकदा ओढून दाखवा, काही चुकत असेल तर तिथेच सुधारू. याचे पैसे नाहीत.