मेंदूपेशींचं औषधी संरक्षण (न्यूरोप्रोटेक्शन)

वयाबरोबर किंवा आजाराने मरत जाणाऱ्या मेंदूपेशी औषध देऊन वाचवायच्या किंवा निदान त्यांची गळती मंद करायची, या कल्पनेला न्यूरोप्रोटेक्शन म्हणतात. लक्षणं कमी करणं वेगळं आणि पेशी वाचवणं वेगळं, आणि या विषयातली जवळजवळ सगळी भांडणं इथूनच निघतात.

मुळात म्हातारपणी पेशी मरतात तरी किती यावरच बराच काळ घोळ होता. १९५५ च्या सुमाराच्या मोजणीत मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, मोठी घट दिसली आणि 'रोज हजारो पेशी मरतात' हे तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं. पण प्रयोगशाळेत प्रक्रिया करताना मेंदूचा तुकडा आक्रसतो, तरुणाचा जास्त आणि म्हाताऱ्याचा कमी, त्यामुळे तरुण मेंदूत पेशी उगाच दाट दिसायच्या. १९९७ ची डॅनिश मोजणी जास्त भरवशाची वाटते, तिच्यात २० ते ९० वयात बाह्यकातल्या पेशी जेमतेम १० टक्के कमी झालेल्या दिसतात. सबस्टॅन्शिया नायग्राची गोष्ट मात्र वेगळी. मध्यमेंदू आडवा कापला की दोन्ही बाजूंना काळपट पट्टा दिसतो तो हाच, इथल्या पेशी डोपामिन (हालचालींसाठी लागणारं, संदेश पोचवणारं रसायन) बनवतात आणि पार्किन्सनच्या, म्हणजे हात थरथरणं आणि हालचाली मंदावणं या आजाराच्या, पेशंटमध्ये हा पट्टा चक्क फिका पडलेला असतो. निरोगी माणसातही इथे दर दशकाला साधारण ५ टक्के पेशी जातात असा एक अंदाज आहे.

म्हणून औषधांचा शोधही इथूनच सुरू झाला. सगळ्यात गाजलेलं औषध सेलेजिलिन, जुनं नाव डेप्रेनिल. हे बुडापेस्टमध्ये साधारण १९६१-६२ च्या सुमारास तयार झालं, रसायन एचेरी यांचं आणि औषधशास्त्र योझेफ क्नोल यांचं, पण श्रेय बहुतेकदा एकट्या क्नोलनाच मिळतं. आधी ते मूड सुधारायला म्हणून बघितलं जात होतं. डोपामिन मोडणारं एमएओ-बी हे एन्झाइम ते कायमचं बंद पाडतं. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात भेसळीच्या ड्रगमधल्या एमपीटीपी नावाच्या रसायनाने तरुणांना अचानक पार्किन्सनसारखा आजार झाला, आणि कळलं की एमपीटीपीचं विष करणारं एन्झाइमही हेच, आणि सेलेजिलिन आधी दिलं तर प्राणी वाचतात. मग माणसातही वाचवेल अशी आशा वाढणारच ना.

डेटाटॉप या चाचणीत अमेरिका-कॅनडातले सुरुवातीच्या टप्प्यातले ८०० पेशंट घेतले, रोज १० मिलिग्रॅम सेलेजिलिन आणि व्हिटॅमिन ई तपासलं. १९८९ चा निकाल असा की सेलेजिलिन घेणाऱ्यांना लेव्होडोपा (मेंदूत डोपामिन भरून काढणारं, पार्किन्सनचं मुख्य औषध) बरंच उशिरा सुरू करावं लागलं (व्हिटॅमिन ई चा पुढे काहीच उपयोग दिसला नाही). झालं, लोकांनी पेशी वाचल्या असं धरलं. पण औषध स्वतः लक्षणंही थोडी कमी करतं, म्हणजे छप्पर दुरुस्त झालं की नुसती खाली बादली ठेवली हे कसं कळणार? शेवटी लक्षणांवरचा असर ओसरल्यावर काय उरतं ते कळावं म्हणून औषध महिना-दोन महिने थांबवून बघितलं, पण मेंदूत हे एन्झाइम नव्याने बनून निम्मं परत यायलाच सुमारे ४० दिवस लागतात, त्यामुळे तो खंड अपुरा होता हा आक्षेप मला तरी रास्त वाटतो. त्यात १९९५ मध्ये ब्रिटिश अभ्यासात लेव्होडोपासोबत सेलेजिलिन घेणाऱ्यांत मृत्यू जवळपास ६० टक्के जास्त दिसले आणि एकच गदारोळ झाला. नंतरच्या एकत्रित विश्लेषणात ते टिकलं नाही.

यातून मार्ग म्हणून 'उशिरा सुरुवात' पद्धत आली, एका गटाला औषध लगेच, दुसऱ्याला काही महिन्यांनी, आणि दुसरा गट पहिल्याला गाठतो का ते बघायचं. गाठलं नाही तर काहीतरी वाचलं असावं. सेलेजिलिनसारखंच एमएओ-बी बंद पाडणारं औषध रॅसाजिलिन, त्याची अडाजिओ चाचणी (२००९, १,१७६ पेशंट) अशीच होती. पण फायदा १ मिलिग्रॅमला दिसला, २ मिलिग्रॅमला नाही, आता याचा अर्थ काय लावायचा! २०११ मध्ये एफडीएच्या (औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) सल्लागार समितीने आजार मंदावल्याचा दावा मान्य केला नाही.

पार्किन्सनसाठी तपासलेले कोएन्झाइम क्यू१० (शरीरात असणारं एक द्रव्य) आणि इस्राडिपिन (रक्तदाबाचं औषध) हेही मोठ्या चाचण्यांत फेल गेले. अल्झायमरमध्ये १९९७ च्या एका चाचणीत सेलेजिलिन आणि व्हिटॅमिन ई दोन्हींनी बिघाड थोडा लांबवल्याचं दिसलं, पण नेहमीच्या उपचारात सेलेजिलिन आलं नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या विसराळूपणासाठी मात्र अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मंजुरी मिळाली.