समुद्रपातळी-मापन केंद्र

समुद्राची पातळी आणि किनाऱ्यावरच्या जमिनीची वर-खाली होणारी हालचाल यांची एकाच जागी वर्षानुवर्षे नोंद ठेवणारे केंद्र. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि त्यांचे मोल फार मोठे आहे.

कोल्हापूर घाटमाथ्याच्या अलीकडे, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. तरी या मोजणीशी इथल्या माणसाचा जवळचा संबंध आहे. कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवायचे की ५२४.२५६, हा वाद समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाच. ही ‘सपाटी’ १९०९ मध्ये कराचीपासून ओडिशातील फॉल्स पॉइंटपर्यंतच्या ९ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरली.

जुन्या केंद्रात धक्क्यालगत एक उभी विहीर असते. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत येते. त्यामुळे लाटांची खळबळ बाहेर राहते आणि भरती-ओहोटी तेवढी आत चढते-उतरते. पाण्यावरचा तरंगता गोळा तिचा आलेख कागदावर उमटवतो. आता बहुतेक ठिकाणी रडार वरून पाण्यापर्यंतचे अंतर मोजते.

खरी अडचण वेगळीच आहे. पंचगंगेला पूर आला की सगळ्यांचे डोळे राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीकडे लागतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. समजा, मोजपट्टीच चार इंच खचली; पाणी तेवढेच असूनही आकडा चार इंचांनी वाढेल. समुद्राकाठी नेमके हेच घडते. केंद्र मोजते ती जमिनीच्या संदर्भातली, म्हणजे सापेक्ष पातळी. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, म्हणजे वर्षाला दोन मिलिमीटरही नाही. एवढ्या बारीक हिशेबात धक्क्याचे किंचित खचणेही सगळे चित्र बदलून टाकते. डिसेंबर २००४ च्या भूकंपात तर निकोबारचे इंदिरा पॉइंट चार मीटरांहून जास्त खाली गेले.

म्हणून केंद्राभोवती पक्क्या खडकात बेंचमार्क, म्हणजे उंचीच्या कायम खुणा रोवतात, ठरावीक काळाने लेव्हलिंग (उंचीतल्या फरकाची मोजणी) करून मोजणीच्या शून्याशी त्यांची उंची ताडून पाहतात आणि शेजारी सतत चालणारा जीपीएस बसवतात. जीपीएसवरून जमिनीची हालचाल कळते. ती हिशेबात घेतली की समुद्राचा स्वतःचा बदल उरतो. केंद्र हलवावे लागलेच तर जुने आणि नवे काही काळ बरोबरीने चालवतात, नाहीतर शंभर वर्षांची मालिका तिथेच तुटते.