स्विंगसाठी सोळा वादक लागतातच असं नाही

जुन्या काळाच्या थीमची पार्टी ठरली की कुणीतरी हमखास सांगतं: खरं स्विंग, म्हणजे 1930 च्या दशकातलं नाचायचं जॅझ, हवं तर पंधरा-सोळा वादकांचा बिग बँडच बोलवा, चार-पाच जणांत ती मजा नाही. हा समज त्या काळातल्याच उदाहरणांपुढे टिकत नाही. 'स्विंगचा राजा' म्हणवला गेलेला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन 1935 पासून तिघांच्या आणि 1936 पासून चौघांच्या संचातही वाजवत होता. त्या चौकडीत पियानोवर टेडी विल्सन, ड्रम्सवर जीन क्रुपा, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) लायनेल हॅम्प्टन. बास, म्हणजे खालचे सूर देणारं तंतुवाद्य, वाजवणारा कुणी नव्हताच!

बिग बँडचा थाट वेगळा, हे मान्य. हॉल मोठा आणि खिसा गरम असेल तर जरूर बोलवा. पण पाय थिरकवतो तो ऱ्हिदम सेक्शन, म्हणजे ताल धरणारे पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स. त्याच काळातल्या काउंट बेसी या पियानोवादकाच्या बिग बँडमध्ये फ्रेडी ग्रीनची गिटार वेगळी अशी फारशी ऐकू यायची नाही, तरी चारही ठोक्यांवर तिची साथ सुटायची नाही. एवढं पक्कं असेल तर पुढे एक सॅक्सोफोन आणि एक ट्रम्पेटही पुरतो.

तेव्हा डोकी मोजत बसू नका. बँडचं नाचणाऱ्यांसमोरचं रेकॉर्डिंग मागा. मिनिटाला 120 ते 180 ठोके बहुतेकांना झेपतात. सलग 200 च्या वर गेलं की नवखे खुर्च्या गाठतात. गाणी तीन-चार मिनिटांत आटोपतात का, तेही विचारा. लांबलचक सोलो ऐकायला झकास, नाचणाऱ्या जोडीचा मात्र घाम काढतो. आणि स्टेज कोपऱ्यातला, छोटासा असेल तर सोळा जण बसणार कुठे?